समुद्राचा ताप आणि माळव्याचा पाऊस

वैद्यकीय स्मरणिकेत प्रवाळांवरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. उज्जैनपासून जवळात जवळचा समुद्र म्हणजे खंभातचे आखात, आणि तेही तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदेशाहीच्या काळात कोकण-देशावरून इकडे आले; त्या निमित्ताने समुद्राशी असलेले नाते आता कुलदैवताच्या दर्शनापुरते आणि सुट्टीतील सहलीपुरते उरले आहे. असे असूनही प्रस्तुत लेखात समुद्राचा विचार करावयाचा आहे, कारण गेल्या काही वर्षांत आपल्या दारी येणारा पाऊस आणि आपल्या दवाखान्यात येणारी बालके यांचा संबंध त्या दूरच्या पाण्याशी अधिकाधिक जुळू लागला आहे.

एखादा रुग्ण तीन निरनिराळ्या तक्रारी घेऊन येतो तेव्हा त्या तिन्हींचे मूळ एकाच विकारात आहे काय, हे पाहण्याचे शिक्षण आपणा सर्वांस मिळालेले असते. हिवाळ्यातील अवेळी पाऊस, पावसाळ्यातील अनावर पूर आणि समुद्रातील प्रवाळांचे पांढरे पडणे या तीन तक्रारींचा विचार आपण त्याच पद्धतीने करू.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ अथवा पोवळे हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. काही मिलिमीटर आकाराचे, नळीसारखे, तोंडाभोवती स्पर्शिका असलेले हे जीव वसाहत करून राहतात आणि समुद्रातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती चुन्याचा सांगाडा रचतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशा सांगाड्यांतून प्रवाळभित्ती उभी राहते. समुद्रतळाचा एक टक्काही भाग या भित्तींनी व्यापलेला नाही. परंतु सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींना त्यांचा आधार लागतो.

या प्राण्याच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. प्रवाळ त्यांना आसरा आणि पोषकद्रव्ये देतो. शैवले प्रकाशसंश्लेषण करून तयार झालेले अन्न प्रवाळाला पुरवितात. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग अशा रीतीने भागतो. त्याचा रंगही मुख्यतः या शैवलांचाच असतो.

पाणी प्रमाणाबाहेर तापले की शैवलांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि पेशींना घातक असे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू निर्माण होऊ लागतात. आपला बचाव करण्यासाठी प्रवाळ शैवलांना बाहेर टाकतो. उरतो तो पारदर्शक देह आणि त्यातून दिसणारा पांढराशुभ्र सांगाडा. यालाच विरंजन म्हणतात.

विरंजित प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. बालरोगतज्ज्ञाला ही अवस्था परिचयाची वाटावी. तीव्र कुपोषित बालकास वेळेवर आहार मिळाला तर ते सावरते. विलंब झाला तर एखादा साधा संसर्ग त्याला घेऊन जातो. काही आठवड्यांत पाणी निवाले तर प्रवाळ पुन्हा शैवले स्वीकारतो व रंगतो. तसे न झाल्यास तो रोगाला बळी पडतो, आणि त्याच्या सांगाड्यावर हिरवट शेवाळाचा थर चढतो.

एका अंशाचे महत्त्व

“एका अंशाने असे काय होणार?” हा प्रश्न सामान्य माणूस विचारतो, परंतु डॉक्टरने तो विचारू नये. ३७ अंश सेल्सिअस आणि ३८ अंश सेल्सिअस यांतील अंतर एकाच अंशाचे असते, पण पहिल्या आकड्याला आपण प्रकृती म्हणतो आणि दुसऱ्याला ज्वर. प्रवाळाचेही असेच आहे. तो आपल्या सहनशक्तीच्या वरच्या सीमेजवळच राहतो. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी अवघ्या एका अंशाने अधिक तापले आणि ती स्थिती काही आठवडे टिकली, की विरंजन सुरू होते.

शास्त्रज्ञ यासाठी जे माप वापरतात ते आपल्या तापाच्या तक्त्याची आठवण करून देणारे आहे. त्यात ताप किती चढला आणि किती काळ टिकला, या दोन्हींचा हिशेब एकत्र धरतात. सीमेपेक्षा एक अंश अधिक तापमान एक आठवडा राहिले तर एक एकक. अशी चार एकके साठली की लक्षणीय विरंजन अपेक्षित असते. आठ एकके झाली की मोठ्या प्रमाणावर मृत्यूचे भय असते.

जगभर एकाच वेळी पसरलेल्या विरंजनाच्या चार साथी आतापर्यंत नोंदल्या गेल्या आहेत : १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ पासूनची चौथी, जिची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. जानेवारी २०२३ ते मार्च २०२५ या काळात जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडविण्याइतकी उष्णता सोसावी लागली. या साथींचा प्रशांत महासागरातील एल निनोशी निकटचा संबंध आहे. स्पॅनिश भाषेत एल निनो म्हणजे बालक! माझ्या व्यवसायामुळे या नावाविषयी आपुलकी वाटावी, पण त्याचे प्रताप पाहता तसे म्हणवत नाही. आणि आता सर्व दोष या बालकावर टाकूनही चालत नाही. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र शोषून घेत आहे. त्यामुळे एल निनो नसलेल्या वर्षीही समुद्राचे तापमान पूर्वीच्या एल निनोच्या वर्षांइतके चढू लागले आहे.

२४ जुलै २०२३ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळच्या एका उथळ, गढूळ खाडीत पाण्याचे तापमान ३८.४ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ अंश फॅरेनहाइट नोंदले गेले. ती नोंद प्रवाळभित्तीवरील नव्हती हे खरे; परंतु त्याच उन्हाळ्यात तेथील प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. विशेष असे की याच फ्लोरिडात जानेवारी २०१० मध्ये असाधारण थंडीच्या लाटेने किनाऱ्याजवळचे प्रवाळ मेले होते. अतिशीतानेही प्रवाळ शैवले गमावतो. नवजात अर्भकाला ताप जितका घातक, तितकाच देह थंड पडणेही घातक. प्रवाळाचा जीवही असाच अरुंद पट्ट्यात नांदतो.

मालवणचे पोवळे

भारतातील प्रवाळ म्हटले की अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही नावे पुढे येतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत, हे मात्र बहुसंख्य मराठी माणसांस ठाऊक नसते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर ज्या सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्याच्या तटाभोवतालच्या खडकांवर आजही जिवंत प्रवाळ आहेत. कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावरील अशा जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली आणि १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्राखाली एक विस्तीर्ण प्रवाळपठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ते आंग्रिया बँक म्हणून ओळखले जाते.

मालवणचे प्रवाळ चिवट आहेत. दर पावसाळ्यात नद्यांचे गढूळ, गोडे पाणी त्यांच्यावर येते. गोड्या पाण्याने क्षारता घटते. गाळाने प्रकाश अडतो आणि प्रवाळाचे तोंड बुजते. त्यामुळे येथे नाजूक शाखांच्या प्रवाळांपेक्षा पोरायटिससारख्या गोलसर, ओबडधोबड जातीच अधिक दिसतात. परंतु अशा सोशीक प्रवाळांनाही २०१४ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०१५ मध्ये विरंजनाने गाठल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. वरून उष्णता, बाजूने अतिवृष्टीचा गाळ आणि त्यात पर्यटकांचे पाय, असा तिहेरी भार त्यांच्यावर पडत आहे.

लक्षद्वीपची कथा याहून चिंताजनक आहे. तेथे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे आघात झाले. दीर्घकालीन अभ्यासात असे दिसले की जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ च्या सुमारास ३७ टक्के होते, ते २०२२ पर्यंत १९ टक्क्यांवर आले. प्रत्येक आघातानंतर प्रवाळ सावरतात. परंतु पुरते सावरण्याआधीच पुढचा आघात येतो. वारंवार अतिसार होणाऱ्या बालकाच्या वजनाची रेषा वाढतक्त्यावर जशी पायरीपायरीने खाली उतरते, तसाच हा आलेख आहे.

अरबी समुद्रापासून क्षिप्रेपर्यंत

आता आपल्या अंगणात येऊ. जो अरबी समुद्र मालवणचे पोवळे पांढरे करतो, तोच माळव्यावर पाणी ओततो.

पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय मौसमविज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक आणि तोही विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या पावसाच्या घटना मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याच काळात पावसाचे एकूण प्रमाण मात्र वाढले नाही, उलट काहीसे घटले. म्हणजे पाऊस कमी दिवसांत, परंतु अधिक जोराने पडू लागला. उज्जैनचे वार्षिक पर्जन्यमान साधारण ९०० मिलिमीटर धरले, तर असा एक दिवस वर्षाच्या पावसाचा सहावा हिस्सा ओतून जातो.

यामागील कार्यकारणभाव असा : हिंदी महासागर १९५० पासून दर दशकाला सुमारे ०.१२ अंशाने तापत आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे मधूनमधून उसळी घेतात आणि हे बाष्प मध्य भारतात आणतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकत माळव्यावर आला, की तो हे बाष्प खेचून घेतो आणि आकाश फाटल्यासारखा पाऊस होतो.

२०२३ चे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पिके करपू लागली, पावसासाठी देवाला साकडे घातले गेले. आणि सप्टेंबरच्या मध्यास पश्चिम मध्य प्रदेशात अशी अतिवृष्टी झाली की क्षिप्रेच्या पुरात रामघाटावरील देवळे बुडाली. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये मंदसौर-नीमच भागात आणि गांधीसागर धरणाच्या परिसरात महापूर आला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेच्या तुलनेत विशेष तापलेला होता.

येथे वैज्ञानिक सावधगिरी पाळणे आवश्यक आहे. एखादा विशिष्ट पूर केवळ तापमानवाढीमुळेच आला असे म्हणणे हे एकाच रुग्णावरून निदानशास्त्र लिहिण्यासारखे होईल. धरणांतून पाणी सोडण्याचे वेळापत्रक, नदीपात्रातील अतिक्रमणे, बुजलेले नाले हीही कारणे असतात. परंतु घटनांची वारंवारता तिपटीने वाढते तेव्हा तो योगायोग उरत नाही, हेही तितकेच खरे.

बदललेला हिवाळा

माळव्याच्या हिवाळ्यात मावठ्याचा पाऊस नवा नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ डिसेंबर-जानेवारीत एखादी सर देऊन जातात. गव्हा-हरभऱ्याला ती मानवते आणि शेतकरी तिला आशीर्वाद मानतो. परंतु हे विक्षोभ उबदार अरबी समुद्रावरील बाष्पाला भेटतात तेव्हा त्या आशीर्वादाची आपत्ती होते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी गुजरात, पश्चिम मध्य प्रदेश आणि उत्तर महाराष्ट्रात विजांसह अवेळी पाऊस व गारपीट झाली. गुजरातेत वीज पडून अनेकांनी प्राण गमावले. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा व मध्य प्रदेशातील शेतकरी अद्याप विसरलेले नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये तर ओखी चक्रीवादळामुळे ऐन हिवाळ्यात मुंबईत पावसाळी दिवस उगवले.

बालकांच्या प्रकृतीवर याचा परिणाम काय?

प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसायात हवामानाचे हे बदल कसे प्रकट होतात, ते थोडक्यात मांडतो.

१) पुरानंतरचे पहिले दोन आठवडे अतिसाराचे असतात. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळते. पटकी, विषमज्वर आणि अ प्रकारची कावीळ पाठोपाठ येतात. कावीळ व विषमज्वर काही आठवड्यांनी डोके वर काढतात, तोपर्यंत पूर विस्मरणात गेलेला असतो. म्हणून रुग्णाच्या इतिहासात पुराची चौकशी अवश्य करावी.

२) २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली, तिने साचलेल्या पाण्यातून चालणे किती महाग पडते हे दाखविले. उंदरांच्या मूत्राने दूषित पाणी, पायावरील लहानशी जखम आणि नंतर ताप, स्नायुदुखी, लाल डोळे हे त्रिकूट आता माळव्यातील डॉक्टरांनीही लक्षात ठेवावे.

३) पूर ओसरल्यावर जागोजागी साठलेल्या पाण्यात डास वाढतात. पावसाळा लांबला आणि हिवाळा उशिरा आला की डेंग्यूचा हंगामही लांबतो.

४) अवेळी पाऊस, दमट हवा आणि तापमानातील एकाएकी होणारे चढउतार यांमुळे दमेकरी मुलांना त्रास वाढतो. तान्ह्या बालकांतील श्वासनलिकादाहाचा हंगाम पाठ्यपुस्तकातील महिन्यांत बसेलच, असा भरवसा धरू नये.

५) पीक गेले की घरातील ताट आक्रसते. गारपिटीची बातमी वर्तमानपत्रातून दोन दिवसांत जाते. तिचा परिणाम मुलाच्या दंडाच्या घेरात काही महिन्यांनी दिसतो.

प्रवाळभित्ती : औषधांचे भांडार

प्रवाळ आणि वैद्यक यांचा आणखी एक थेट संबंध आहे. बालकांच्या रक्तकर्करोगावर आपण जे सायटाराबिन वापरतो, त्याचे मूळ कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात १९५० च्या सुमारास सापडलेल्या न्यूक्लिओसाइड द्रव्यांत आहे. त्यांच्या रचनेवरून प्रेरणा घेऊन हे औषध घडविले गेले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. असह्य वेदनांवरील झिकोनोटाइड हे औषध उष्ण सागरातील शंखगोगलगाईच्या विषापासून आले. प्रवाळाचा सच्छिद्र चुनखडी सांगाडा संस्कारित करून अस्थिरोपणासाठीही वापरला गेला आहे. ज्या भित्तींवरील जीवांची आपण पुरती गणनाही केलेली नाही त्या नष्ट होऊ देणे म्हणजे न वाचलेले ग्रंथ जाळण्यासारखे आहे.

आयुर्वेदातील प्रवाळभस्म व प्रवाळपिष्टी आपणा सर्वांना परिचित आहेत. त्यांसाठी वापरले जाणारे तांबडे पोवळे प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांहून निराळे असते. भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. सहलीहून येताना त्याचा तुकडा आठवण म्हणून उचलून आणणे हा गुन्हा आहे, हे घरातील मुलांनाही सांगावे.

आपण काय करू शकतो?

तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी जगातील ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती लयास जातील आणि ती दोन अंशांवर गेली तर जवळजवळ काहीच उरणार नाही, असे आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०१८ च्या अहवालात म्हटले आहे. २०२४ हे पूर्ण वर्ष दीड अंशाच्या वर गेलेले पहिले वर्ष ठरले. अशा आकड्यांपुढे निराशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रोगाचा शेवट ठाऊक असतानाही रुग्णाची शुश्रूषा आपण सोडत नाही, आणि येथे तर शेवट अद्याप ठरलेला नाही. अंशाचा प्रत्येक दशांश वाचविणे मोलाचे आहे.

आपल्या संस्थेपुरत्या काही सूचना मांडतो. पहिली, दर वर्षी जूनपूर्वी क्षिप्राकाठच्या वस्त्यांसाठी क्षारसंजीवनी, झिंक, क्लोरीनच्या गोळ्या आणि सर्पदंशावरील प्रतिविष यांचा साठा पाहून ठेवावा. अतिसारात क्षारसंजीवनीबरोबर चौदा दिवस झिंक देण्याचा नियम प्रत्येक मातेपर्यंत पोहोचवावा. दुसरी, पूर अथवा वीजखंडनाच्या काळात लसींची शीतसाखळी टिकविण्याची लेखी योजना प्रत्येक दवाखान्यात असावी. तिसरी, सभासदांनी अतिसार, डेंग्यू व दम्याच्या रुग्णांची साप्ताहिक संख्या एका साध्या वहीत पावसाच्या आकड्यांशेजारी नोंदवावी. पाच वर्षांत ती वही उज्जैनसाठी अमूल्य होईल. २०२८ च्या सिंहस्थात कोट्यवधी भाविक क्षिप्रेच्या काठी येतील. ५ मे २०१६ रोजी ऐन वैशाखात सिंहस्थाच्या मंडपांवर कोसळलेले वादळ आपण पाहिले आहे, त्यात भाविकांचे प्राणही गेले. तेव्हा ‘या महिन्यात पाऊस नसतो’ हे गृहीत धरून कोणतीही आखणी करू नये.

चौथी सूचना आपल्या व्यवसायाच्या आत पाहण्याची आहे. डेस्फ्लुरेन व नायट्रस ऑक्साइड हे भुलीचे वायू वातावरण तापवितात. जेथे शक्य तेथे पर्याय निवडावेत. दम्याच्या दाबपंपातील वायूही कर्बवायूपेक्षा हजारपटीहून अधिक उष्णता धरतो. मोठ्या मुलांना कोरड्या पुडीचे साधन जमत असेल तर त्याचा विचार करावा; मात्र रुग्णांनी आपला पंप स्वतःहून मुळीच बंद करू नये. आणि पाचवी, मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या कुटुंबांनी पाण्याखाली उतरताना प्रवाळाला हात लावू नये, त्यावर पाय ठेवू नये. दहा-वीस वर्षांत वाढलेली वसाहत एका टाचेखाली मोडते.

समुद्रावर पडणाऱ्या उन्हाची वाफ होते, ती वाफ मेघ होऊन माळव्यावर येते, क्षिप्रेतून चंबळेला, यमुनेला आणि गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. अरबी समुद्रातून निघालेले पाणी उज्जैनमार्गे दुसऱ्या समुद्राला पोहोचते. या प्रवासात आपण वाटेवरचे गाव आहोत. बालकाचा ताप हे रोगाचे निदान नसून रोगाची सूचना असते, हे आपण पालकांना रोज समजावतो. प्रवाळाचे पांढरे पडणे ही समुद्राच्या तापाची तशीच सूचना आहे. ती वेळेवर वाचणे आणि इतरांना वाचून दाखविणे हे डॉक्टर म्हणून आपल्या कर्तव्यातच येते.